शाळेमागचा टॉवर : परिसर अभ्यासाचा एक पाठ



परिसर अभ्यास शिकवताना आपण मुलांना नेहमी सांगतो, "आपल्या परिसराचे निरीक्षण करा." मग मुलं झाड, नदी, डोंगर, मंदिर, पोस्ट ऑफिस यांची नावं लिहून आणतात. पण आज पुणे, ठाणे, नाशिक, नवी मुंबई अशा शहरांच्या कडेला ज्यांची शाळा आहे, त्यांच्या परिसरात सर्वात मोठी गोष्ट कोणती दिसते? बांधकाम चालू असलेला टॉवर! तो पुस्तकात फारसा येत नाही, म्हणून आपणही त्याच्याकडे बघत नाही. मुलं मात्र रोज बघतात.

माझी शाळा पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यापासून थोडी आत आहे. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावं घेतली, त्यातलंच आमचं एक. ग्रामपंचायतीची पाटी गेली, महापालिकेची आली. शाळेच्या मागे पूर्वी ज्वारीचं शेत होतं. आता तिथे चार विंगचं गृहसंकुल आहे. ते पायापासून शेवटच्या मजल्यापर्यंत उभं राहताना माझ्या वर्गाने पाहिलं. त्यातूनच हा पाठ तयार झाला. तुमच्या वर्गात घेता यावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पाठाची सुरुवात कशी झाली

तिसरीच्या वर्गात मी 'माझे घर' हे चित्र काढायला दिलं होतं. नेहमीप्रमाणे बऱ्याच मुलांनी उतरत्या छपराचं घर, मागे दोन डोंगर, मधून सूर्य असं चित्र काढलं. (असं घर आमच्या गावात एकही उरलेलं नाही, तरी चित्रात येतंच!) एका मुलाने मात्र पानभर टॉवर काढला होता. प्रत्येक मजल्यावर बाहेर आलेल्या सळया, बाजूला क्रेन, खाली वाळूचा ढीग. आणि एका कोपऱ्यात, अगदी लहान, पत्र्याची खोली.

मी विचारलं, "बाळा, यातलं तुझं घर कोणतं?"

त्याने पत्र्याच्या खोलीवर बोट ठेवलं. मग टॉवरकडे दाखवून म्हणाला, "आन् ह्ये पप्पाचं काम."

हा मुलगा उदगीरकडचा. वडील सेंट्रिंगचं काम करायचे, आई स्लॅबच्या दिवशी घमेली वाहायची. वर्गात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या आजोबांची जमीन त्या टॉवरखाली गेली होती. पुढच्या बाकावरच्या मुलीचे वडील तिथेच सुरक्षारक्षक म्हणून लागले होते. म्हणजे एकाच इमारतीला माझ्या वर्गातल्या तीन बाजू होत्या. मला वाटलं, आता दुसरं उदाहरण शोधायला कशाला जायचं?

भाग १ : जमीन कुणाची होती?

पहिल्या दिवशी त्या आजोबांनाच वर्गात बोलावलं. त्यांनी येताना जुना सातबारा आणला. मुलांनी पहिल्यांदाच पाहिला. मी फळ्यावर लिहून दाखवलं : गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असतं, गाव नमुना १२ मध्ये कोणतं पीक घेतलं ते असतं. दोन्ही मिळून 'सातबारा'. पिकाच्या रकान्यात 'ज्वारी' हा शब्द वाचल्यावर मुलं खिडकीतून टॉवरकडे बघायला लागली.

इथे गणित सहज जोडता येतं.

१ एकर = ४० गुंठे
१ गुंठा = १०८९ चौरस फूट
१ हेक्टर = १०० आर, म्हणजे साधारण अडीच एकर

आजोबांना विचारलं, "जमीन विकली का?" ते म्हणाले, "विकली न्हाई, करार केला." हा फरक मुलांना आणि पालकांनाही समजायला हवा. काही शेतकरी जमीन सरळ विकतात. काही जण बांधकाम करणाऱ्याशी विकसन करारनामा करतात, त्यात जमिनीच्या मोबदल्यात काही रक्कम किंवा काही फ्लॅट मिळतात. यात शेतीची जमीन अकृषिक होते, त्यालाच लोक 'एनए' म्हणतात. या गोष्टी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे चालतात.

त्याच वर्षीचा दुसरा कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. शहराचा विकास आराखडा याच कायद्याने तयार होतो. कुठे घरं, कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे मैदान, कुठे दवाखाना हे त्या नकाशावर रंगांनी दाखवलेलं असतं. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. पालकांनो, ही बातमी वर्तमानपत्रात आली की वाचत जा. आपल्या मुलांच्या मैदानाची जागा त्या नकाशावर असते आणि ती कमी झाली तर विचारण्याची तीच वेळ असते. नंतर भिंत उभी राहिल्यावर विचारून उपयोग नसतो.

मगरपट्ट्याचं उदाहरण

जमीन गेली की शेतकरी संपला, असंच दरवेळी होतं का? वरच्या वर्गातल्या मुलांना आमच्याजवळचंच हडपसरचं उदाहरण सांगता येईल. पुण्याची वाढ हडपसरकडे सरकू लागली तेव्हा तिथल्या मगरपट्ट्यात उसाची शेती होती. एकेकाने तुकडा तुकडा विकण्याऐवजी सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र आणली आणि स्वतःची कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन, त्याचा तितका भाग. साधारण २००० सालापासून तिथे घरं, आयटी कंपन्यांच्या इमारती, शाळा, दवाखाना, बाग असं पूर्ण उपनगर उभं राहिलं. त्या कुटुंबांतल्या अनेकांनी तिथेच कंत्राटी कामं आणि व्यवसाय सुरू केले.

मुलांना हे सांगताना मी एक प्रश्न विचारते : "हे सगळ्या गावांना का जमत नसेल?" उत्तरं छान येतात. "भावाभावांत भांडणं असतात." "एकाला आत्ता पैसे पाहिजे असतात, एक थांबतो." "कुणाकडे दोनच गुंठे असतात." आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, जे दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे, त्यांचं काय झालं, हा प्रश्न मुलांनी नाही विचारला तर आपण विचारायचा. शेत गेलं की मालकाला निदान मोबदला मिळतो. खुरपणीला जाणाऱ्या बाईची मजुरी जाते आणि तिला मोबदला काहीच नसतो.

भाग २ : एकावर एक मजले का?

हा मुलांचा सर्वात आवडता भाग. साहित्य : चौकटीचा कागद आणि रिकाम्या काडेपेट्या किंवा लाकडी ठोकळे.

१० × १० म्हणजे १०० चौकटींचा प्लॉट आखायचा. एक ठोकळा एका चौकटीवर बसला पाहिजे. मुलांना १०० ठोकळे द्यायचे आणि सांगायचं, "एवढंच बांधायची परवानगी आहे." जमिनीइतकंच बांधकाम, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक १. यालाच सगळे एफएसआय म्हणतात.

पहिल्या गटाने १०० च्या १०० चौकटींवर ठोकळे मांडले. एक मजली घर झालं, पण अंगणच नाही! दुसऱ्या गटाने ५० चौकटींवर मांडले, दोन मजले झाले. तिसऱ्या गटाने २५ चौकटींवर मांडले, चार मजले झाले आणि ७५ चौकटी मोकळ्या राहिल्या. टाळ्या!

मग मी आणखी १५० ठोकळे दिले. निर्देशांक झाला अडीच. जागा तीच २५ चौकटींची. आता २५० भागिले २५, म्हणजे दहा मजले. प्रत्यक्षात मूळ निर्देशांक, त्यावर अधिमूल्य भरून मिळणारा वाढीव निर्देशांक आणि टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क असे भाग असतात. रस्त्याची रुंदी किती यावरही ते ठरतं. मुंबई आणि काही भाग सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मुलांना एवढा तपशील नको. शिक्षकांना माहीत असावा.

तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "बाई, मग मोकळ्या जागेत खेळता येईल ना?"

मी काही बोलायच्या आत सुरक्षारक्षकाची मुलगी म्हणाली, "न्हाई, तिथं गाड्या लावतात."

इथे थांबून मुलांना एक गोष्ट नक्की दाखवा. ठोकळे वाढले, माणसं वाढली. पण कागदाच्या कडेचा रस्ता तेवढाच राहिला, नळाची लाइन तेवढीच राहिली, शाळेची खोली तेवढीच राहिली. टॉवर वर वाढतो, पण त्याच्या गरजा खाली जमिनीवरच असतात. माझ्या मते संपूर्ण पाठातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य हेच.

भाग ३ : पाण्याचं गणित

पाचवीच्या मुलांसाठी हे उत्तम शाब्दिक उदाहरण आहे. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरलं जातं.

एका संकुलात ४०० फ्लॅट आहेत. प्रत्येक घरात सरासरी ४ माणसं धरली तर रोज किती पाणी लागेल?

४०० × ४ = १६०० माणसं
१६०० × १३५ = २,१६,००० लिटर

म्हणजे दोन लाख सोळा हजार लिटर, तेही एका दिवसाला! सगळं पाणी १०,००० लिटरच्या टँकरने आणायचं ठरवलं तर साधारण २२ टँकर. आमच्या शाळेच्या फाटकासमोरून टँकर जातात, म्हणून मुलांना लगेच पटलं. एका मुलाने दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बसून टँकर मोजले.

मग विचारायचं, पाणी येतं कुठून? पुण्याला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी मिळतं. शहराच्या पूर्व भागासाठी २०२१ पासून भामा-आसखेड धरणाचं पाणीही येऊ लागलं. पण नवीन गावांत लाइन पोचण्याआधी माणसं राहायला येतात. मग बोअर आणि टँकर. बोअर खोल जाते, शेजारच्या शेतकऱ्याची विहीर आटते. म्हणून छतावरचं पावसाचं पाणी साठवणं किंवा जमिनीत मुरवणं, वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लशला आणि झाडांना वापरणं हे मोठ्या संकुलांना करावं लागतं. ती यंत्रणा बसवलेली आहे का, हे बघायला सोपं आहे. ती चालू आहे का, हे विचारावं लागतं.

पाण्याची दुसरी बाजूही सांगा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, लोकांचे जीव गेले, घरं वाहून गेली. ओढ्यांची पात्रं अरुंद झाली, त्यांच्या काठावर बांधकामं आली, की पाऊस आपली जुनी वाट शोधत येतो. आमच्या वर्गात मी आजोबांना विचारलं, "इथे ओढा होता का?" त्यांनी संकुलाच्या मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे आता सिमेंटची पाइपलाइन आहे. प्रत्येक शाळेने गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या ओढ्यांचा नकाशा काढून ठेवावा. पुढे कधीतरी तो कामाला येईल.

भाग ४ : उंच घरात राहायचं कसं?

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही 'उंच इमारत' धरली जाते. एक मजला साधारण ३ मीटरचा धरला तर पाच मजले झाले की ती मर्यादा आली. मुलांना दोरीने वर्गाची उंची मोजायला लावा आणि पंधरा मजल्यांची उंची काढायला सांगा.

टॉवरमध्ये राहणाऱ्या पालकांनी मुलांना तीन गोष्टी शिकवाव्यात :

१. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही, जिना वापरायचा. रोज लिफ्टने जाणाऱ्या कितीतरी मुलांना आपल्या इमारतीचा जिना कुठे उघडतो तेच माहीत नसतं. महिन्यातून एकदा मुलांबरोबर जिन्याने उतरा.

२. काही मजल्यांवर मोकळी ठेवलेली आश्रयाची जागा म्हणजेच रेफ्यूज एरिया असते. ती जुनं फर्निचर, सायकली ठेवायला नाही.

३. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचं असतं. आपल्या सोसायटीत ते दिलं का, हे सभेत विचारा. विचारणारा माणूस कटकट्या ठरतो, पण चालेल.

घर घेताना काय बघावं हेही पालक मला विचारतात, कारण मीही कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहते. 'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. आता घर पाहावं लागतं कागद वाचून! प्रकल्पाची जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर नव्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. स्थावर संपदा कायदा २०१६ चा, महारेरा मे २०१७ पासून काम करतं. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वापरायची असते. क्षेत्रफळ चटई क्षेत्राप्रमाणे, म्हणजे कार्पेटप्रमाणे सांगायचं असतं. ताबा घेण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का ते पाहावं. पुढे सोसायटी स्थापन झाली की जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून घेणं, म्हणजे अभिहस्तांतरण, हे काम लोक वर्षानुवर्षं विसरतात.

भाग ५ : लिफ्टचा प्रश्न

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई मी राहते त्याच संकुलात घरकाम करते. टॉवरचा पाठ चालू असताना त्या मुलीने विचारलं, "बाई, तुमच्या पुढच्या लिफ्टमधून मी आले तर चालेल का?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. आमच्या प्रत्येक विंगमध्ये पुढच्या लिफ्टजवळ एक कागद चिकटवलेला होता : 'घरकाम करणाऱ्यांनी व डिलिव्हरीवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी.' मी दोन वर्षं रोज त्या कागदासमोर उभी राहून लिफ्टची वाट बघत होते. वाचलाही होता. पण तो माझ्या वर्गातल्या कोणाबद्दल आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी समतेचा पाठ दरवर्षी शिकवते.

मी तिला म्हणाले, "चालेल, माझ्याबरोबर ये." पण हे उत्तर बरोबर नव्हतं. माझ्याबरोबर आली तर चालेल, म्हणजे एकटी आली तर नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला. बोलताना आवाज कापत होता. काही जण म्हणाले, सुरक्षेचा प्रश्न आहे. काही म्हणाले, सामान घेऊन येणाऱ्यांमुळे गर्दी होते. एक काका शांतपणे म्हणाले, "सामानाला वेगळी लिफ्ट ठेवा, माणसांना कशाला?" शेवटी चारपैकी दोन विंगमधला कागद निघाला. माझ्या विंगमध्ये आता फक्त 'सामान मागच्या लिफ्टने न्यावे' असं लिहिलं आहे. उरलेल्या दोन विंगमध्ये तो अजून आहे. विषय पुन्हा मांडणार आहे.

शिक्षकांनो, हा पाठ घेताना असा एखादा प्रश्न तुमच्याकडेही येईल. लगेच उत्तर द्यायची घाई करू नका. "मला विचार करावा लागेल" असं बाईंनी म्हटलेलं मुलांना चालतं.

मुलांनी मिळून लिहिलेला निबंध : मी टॉवर बोलतोय

पाठाच्या शेवटी प्रत्येक मुलाने एक-दोन वाक्यं सांगितली, मी फक्त ती जोडली. लहान निबंधाचा नमुना म्हणून देत आहे.

*मी टॉवर बोलतोय. मी शाळेच्या मागे उभा आहे. मला पंधरा मजले आहेत. माझ्या जागी आधी ज्वारी होती. चिमण्या यायच्या. आता कबुतरं येतात. मला बांधायला खूप माणसं आली. ती पत्र्याच्या खोलीत राहायची. दुपारी माझ्या सावलीत जेवायची. माझ्या पायात लोखंड आहे. माझ्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे. मला रोज खूप तहान लागते. माझ्या पोटात खूप घरं आहेत, पण शेजारच्या घराचं नाव त्यांना माहीत नसतं. रात्री माझे दिवे लांबून छान दिसतात. माझ्यावरून शाळेचं मैदान दिसतं. सुट्टी झाली की मुलं खेळतात, तेव्हा मला वाटतं आपणही बसावं. पण मला बसता येत नाही.*

"मला बसता येत नाही" हे वाक्य त्या उदगीरच्या मुलाचं.

भाग ६ : टॉवर झाला, मुलगा गेला

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. पत्र्याच्या खोल्या काढून नेल्या होत्या. तिथे लॉन लावायचं काम चालू होतं. सेंट्रिंगचं काम संपलं होतं, मुकादम सगळ्यांना दुसऱ्या साइटवर घेऊन गेला. कोणत्या, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. फोन लावला, नंबर बंद. त्याची चित्रकलेची वही माझ्या कपाटात राहिली. पटावर तो दिसत होता, वर्गात नव्हता.

मी काय चुकले, ते लिहिते, म्हणजे तुम्ही चुकणार नाही.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात 'शिक्षण हमी पत्रक' आहे. मूल किती शिकलं, कुठपर्यंत आलं, हे त्यात लिहून पालकांच्या हातात द्यायचं, म्हणजे पुढच्या शाळेत त्याला लगेच बसवून घेता येतं. मला ते माहीत होतं. ते 'ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी' असं डोक्यात बसलं होतं, म्हणून बांधकामावरच्या मुलासाठी भरलं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा मोसम ठरलेला असतो. बांधकामाचा मोसम स्लॅबवर ठरतो, तो आपल्याला कळत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ सुद्धा लक्षात ठेवा. वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आहे. दाखला उशिरा आला किंवा आणला नाही, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच मूल आलं तरी घ्यायचं आहे. आणि मूल जात असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे.

बांधकाम कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९९६ चा केंद्रीय कायदा होता. त्याप्रमाणे जिथे ५० पेक्षा जास्त महिला कामगार असायच्या तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय करावी लागायची. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेऊन तो कामगार कल्याण मंडळाकडे जातो. नोंदणी झालेल्या कामगारांच्या मुलांना त्यातून शिक्षणासाठीही मदत मिळते. पण कामगाराने नोंदणी केली तरच. पुण्यात डोअर स्टेप स्कूल आणि तारा मोबाइल क्रेशेस या संस्था बांधकामाच्या साइटवरच्या मुलांसाठी अनेक वर्षं काम करत आहेत. तुमच्या शाळेजवळ मोठी साइट असेल तर अशा संस्थांना कळवा. पालकसभेला साइटवरच्या आई-वडिलांना बोलवा. त्यांना दिवसा सुट्टी मिळत नाही, म्हणून सभा संध्याकाळी सहानंतर ठेवा. आम्ही तसं केल्यावर पहिल्यांदाच अकरा पालक आले.

वर्गात घ्यायचे उपक्रम

१. गावातल्या आजी-आजोबांना विचारून टॉवरच्या जागी आधी काय होतं ते लिहा. शेताचं, मळ्याचं किंवा ओढ्याचं नाव असेल तर तेही लिहा.

२. ठोकळ्यांचा प्लॉट तयार करून निर्देशांक १, २ आणि अडीच करून पाहा. मैदानासाठी किती चौकटी ठेवाल?

३. आपल्या घरी रोज किती बादल्या पाणी लागतं ते मोजा. त्यावरून लिटर काढा.

४. टॉवर उभा करणाऱ्यांची यादी करा : सेंट्रिंगवाला, फिटर, गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी, क्रेनचालक, इंजिनीअर, आर्किटेक्ट, मुकादम, सुरक्षारक्षक. एकाची मुलाखत घ्या.

५. शब्दसंग्रह : ओटा, पडवी, माजघर, परसदार हे शब्द फ्लॅटमध्ये कुठे सापडतात का ते शोधा. सापडले नाहीत तर त्या जागेचं काम आता घरातली कोणती जागा करते?

समारोप

टॉवर वाईट आहे, असं मुलांना शिकवू नका. ज्यांना घर हवं आहे त्यांना घर मिळतंय, माझंही घर त्यामुळेच झालं. टॉवर म्हणजे प्रगती, असंही शिकवू नका. "कोण राहतं?" एवढाच प्रश्न न विचारता "कोण राहत होतं, कोणी बांधलं, पाणी कुठून येतं, पुढे काय होणार?" असे प्रश्न विचारायची सवय लावा. नागरिकशास्त्र याहून वेगळं काय असतं?

आता दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात मी साइटवरच्या प्रत्येक मुलाचं शिक्षण हमी पत्रक भरून ठेवते. पालकांना सांगते, "जाणार असाल तर घेऊन जा, नाही गेलात तर माझ्याकडे परत द्या." यंदा सहा भरली. चार परत आली. दोन गेली. कुठे का असेना, त्या दोन मुलांच्या हातात कागद आहे.

त्या मुलाची वही अजून माझ्याकडे आहे. तुमच्या वर्गात उदगीरकडचा, टॉवर फार सुंदर काढणारा एखादा मुलगा नव्याने आला असेल, तर त्याला सांगा, त्याच्या बाईंनी वही जपून ठेवली आहे.